जीआयएस शिकायचंय? आधी ओळखीची जागा निवडा

पहिल्या तासाला जवळपास प्रत्येक विद्यार्थी एकच प्रश्न विचारतो: मॅडम, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत डिजिटल नकाशे आणि भौगोलिक डेटाचं विश्लेषण, म्हणजेच जीआयएस, शिकवते. समोर भूगोलाची मुलं असतात, संगणकशास्त्राची असतात, कृषी, स्थापत्य, समाजशास्त्र अशा सगळ्या वाटांनी आलेली असतात, आणि सॉफ्टवेअरची काळजी सगळ्यांना सारखीच. मी त्यांना उलट विचारते: अशी कोणती जागा आहे, जिथला चढ-उतार, पाणी साचणारा रस्ता, बुजलेली विहीर, नव्यानं झालेली इमारत हे सगळं तुम्हाला कुणाला न विचारता सांगता येईल? ती जागा निवडा. दोन-चार चौरस किलोमीटर पुरे. वर्षभरात जे जे नवं शिकाल, ते आधी त्या जागेवर करून बघायचं.

ह्याचं कारण सांगते. संगणक चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. नकाशा सुबक दिसतो, रंग छान असतात, उत्तर दिशेचा बाण जागच्या जागी असतो. अनोळखी प्रदेशाच्या नकाशात नदी दोनशे मीटर सरकली तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. ओळखीच्या जागेत ती तुमच्या मावशीच्या घरातून वाहताना दिसेल आणि तुम्ही ताडकन उठाल. सरावासाठी मिळणारा डेटा आधीच साफ केलेला असतो, त्यामुळे त्यावर बटणं कुठे आहेत ते समजतं, पण शंका घ्यायला शिकता येत नाही. ह्या विषयात शंका घेता येणं हेच मुख्य कौशल्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

अभ्यासक्रम निवडताना

हा विषय वेगवेगळ्या विद्यापीठांत वेगवेगळ्या विभागांच्या छताखाली असतो. कुठे भूगोल, कुठे स्थापत्य अभियांत्रिकी, कुठे पर्यावरणशास्त्र, कुठे संगणकशास्त्र. विभागाच्या पाटीपेक्षा प्रात्यक्षिकांची यादी बघा. त्यात तीन गोष्टी शोधा: निर्देशांक प्रणाली (जागा आकड्यांत सांगायची पद्धत) आणि प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) ह्यांना स्वतंत्र वेळ दिलाय का, प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेलं काम आहे का, आणि संख्याशास्त्र आहे का. पहिल्या दोन नसतील तर तो अभ्यासक्रम सॉफ्टवेअरचा वर्ग आहे असं समजा. संख्याशास्त्र नसेल तर ते दुसऱ्या विभागातून ऐच्छिक विषय म्हणून घ्या. सरासरी, विचरण (आकडे किती विखुरलेत ते), सहसंबंध, समाश्रयण (रिग्रेशन) आणि गृहीतकाची चाचणी एवढं पक्कं असलं की पुढचं जड जात नाही. कला शाखेतून आलेल्यांना गणिताची धास्ती असते, पण भागाकार, त्रिकोणमितीची तोंडओळख आणि तक्त्यातल्या आकड्यांकडे शांतपणे बघण्याची सवय ह्यांवर पहिलं वर्ष निभावतं.

आणखी एक करा. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प मागून घ्या आणि नुसते चाळू नका, त्यांतल्या एका नकाशापाशी थांबून विचारा की हा डेटा कुठला, कधीचा, कोणत्या प्रक्षेपणातला. उत्तर अहवालातच सापडलं तर तिथं नीट शिकवतात.

सॉफ्टवेअर

ह्यावर फार वेळ घालवत नाही. क्यूजीआयएस घ्या. गॅरी शर्मन ह्यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली, ते मुक्त आणि विनामूल्य आहे, आणि पदवी संपली तरी तुमच्याकडे राहतं. विद्यापीठात आर्कजीआयएसचा परवाना असेल तर तेही शिका, कारण अनेक कार्यालयांत तेच चालतं. मात्र विद्यापीठाचा परवाना बहुधा तुमच्या प्रवेशासोबत संपतो, म्हणून स्वतःचं काम क्यूजीआयएसमध्ये ठेवा. ते उतरवताना सगळ्यात नवी आवृत्ती न घेता ‘लाँग टर्म रिलीज’, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी स्थिर आवृत्ती, घ्या. ऐन परीक्षेच्या तोंडावर प्लगइन (वरून जोडलेलं साधन) बंद पडण्याचा धोका तिच्यात कमी असतो. वर्गातल्या सगळ्यांनी एकच आवृत्ती घेतली तर एकमेकांना मदत करणंही सोपं जातं.

निर्देशांक प्रणाली: इथे घाई करू नका

माझ्याकडे येणाऱ्या अडचणींपैकी मोठा वाटा ह्या एका विषयात मोडतो, म्हणून इथे रेंगाळते.

अक्षांश-रेखांश हे कोन आहेत. ते अंशात मोजतात, मीटरमध्ये नाही. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि ६० अक्षांशावर तोच अंश त्याच्या निम्मा भरतो. म्हणून अक्षांश-रेखांशातल्या थरावर (थर म्हणजे नकाशातला एकेका प्रकारचा डेटा) ‘५०० चा बफर’, म्हणजे भोवती ५०० अंतराचा घेर, मागितला तर सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं आणि पडदाभर एक निरर्थक गोळा उमटतो. हा गोळा दिसला तर बरंच म्हणायचं, कारण चूक कळते. खरी पंचाईत तेव्हा होते, जेव्हा क्षेत्रफळ किंवा अंतर चुकीचं असूनही पटण्याजोगं दिसतं.

उपाय असा. मोजमाप करायचं असेल तर आधी थर मीटरमधल्या प्रक्षेपणात न्या. लहान भागासाठी यूटीएम हे प्रक्षेपण चांगलं. त्यात पृथ्वीचे प्रत्येकी ६ अंश रुंदीचे ६० पट्टे केलेले आहेत. आपला पट्टा शोधायला पूर्व रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडा आणि १ मिळवा. ७४ अंश पूर्वेसाठी २५४ भागिले ६ म्हणजे ४२ पूर्णांक काहीतरी, म्हणून पट्टा ४३. पश्चिम रेखांश उणे धरायचे. उत्तर गोलार्धात ह्याचा ईपीएसजी क्रमांक (प्रत्येक निर्देशांक प्रणालीला दिलेला ठरावीक आकडा) ३२६ पुढे पट्ट्याचा आकडा, म्हणजे ३२६४३, आणि दक्षिण गोलार्धात ३२७ पुढे आकडा. नुसत्या अक्षांश-रेखांशाचा क्रमांक ४३२६. हे आकडे सारखे समोर येतात, त्यामुळे महिनाभरात आपोआप तोंडपाठ होतात. यूटीएमसुद्धा अगदी तंतोतंत नसतं: पट्ट्याच्या मध्यरेषेवर ते अंतर ०.९९९६ पट दाखवतं, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर कमी. विद्यार्थ्याच्या बहुतेक कामाला एवढा फरक चालतो, पण तो आहे हे माहीत हवं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. क्यूजीआयएसमध्ये थराची निर्देशांक प्रणाली ‘सेट’ करणं वेगळं आणि थर ‘रीप्रोजेक्ट’ करणं वेगळं. सेट केल्यावर फक्त ‘हे आकडे अमुक प्रणालीतले आहेत’ अशी नोंद होते, आकडे जागचे हलत नाहीत. रीप्रोजेक्ट केल्यावर आकडे नव्यानं मोजले जातात आणि नवा थर तयार होतो. फुटात लिहिलेल्या आकड्यापुढे ‘मीटर’ लिहिलं म्हणून लांबी बदलत नाही, तसंच हे. थर भलतीकडे दिसतोय म्हणून वेगवेगळे क्रमांक सेट करून बघत बसणं ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. नोंद मुळातच चुकीची किंवा गायब असेल तेव्हाच सेट, एरवी रीप्रोजेक्ट.

ह्यासाठी मी एक सराव हमखास देते. तुमच्या जागेत किंवा जवळपास ४०० मीटरची धावपट्टी असलेलं मैदान शोधा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बांधलेल्या धावपट्टीच्या सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या असतात. उपग्रह चित्राचा आधारथर लावा, प्रकल्पाची प्रणाली ३८५७ म्हणजे वेब मर्केटर ठेवा, आणि मोजपट्टीच्या साधनात ‘कार्टेशियन’ (सपाट प्रतलावरचं मोजमाप) निवडून सरळ बाजू मोजा. २० अक्षांशाच्या आसपास राहत असाल तर उत्तर सुमारे ९० मीटर येईल. ६० अक्षांशावर राहणाऱ्याला जवळजवळ १६९ मिळेल. मग ‘इलिप्सॉइडल’ (पृथ्वीची गोलाई धरून मोजमाप) निवडा आणि तीच बाजू पुन्हा मोजा. हा प्रयोग स्वतःच्या हातानं केलेला विद्यार्थी वेब मर्केटरमध्ये क्षेत्रफळ काढायला सहसा जात नाही. ह्याच प्रक्षेपणामुळे जगाच्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. पडद्यावर नकाशा फिरवायला वेब मर्केटर उत्तम, मोजायला नाही.

क्यूजीआयएसच्या गणकात क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत हेही ह्याच ओघात सांगून टाकते. डॉलर चिन्ह लावून लिहिलेलं ‘एरिया’ प्रकल्पात निवडलेला लंबगोल (पृथ्वीचा मानलेला आकार) विचारात घेतं, आणि कंसात भूमिती देऊन लिहिलेलं ‘एरिया’ सपाट प्रतलावर मोजतं. दोन्ही स्तंभ शेजारी-शेजारी काढा आणि फरक बघा.

अक्षांश आधी की रेखांश आधी, ही आणखी एक खोड. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, पण सॉफ्टवेअरला क्ष-अक्ष आधी लागतो, आणि क्ष म्हणजे रेखांश. जिओजेसन ह्या फाइलप्रकारातही रेखांश आधी. तक्त्यातून बिंदू आणताना हे उलटं झालं तर बिंदू भलत्याच खंडात जातात. आणि बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात साचलेले दिसले तर ते शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर आहेत, म्हणजे तक्त्यातल्या रिकाम्या रकान्यांचं शून्य झालंय.

डेटा कुठून आणायचा आणि कसा सांभाळायचा

रस्ते, इमारती, पाणवठे ह्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप. २००४ पासून जगभरातले लोक तो हातानं भरत आलेत. कुठे तो फार तपशीलवार आहे, कुठे आख्खी वस्ती गायब. तुमच्या ओळखीच्या जागेचा भाग उघडा, काय राहिलंय त्याची यादी करा, खातं काढून स्वतः भरा. नकाशात भर घालताना ‘ही पायवाट की कच्चा रस्ता’ असे निर्णय घ्यावे लागतात, आणि दुसऱ्यांनी दिलेल्या डेटामागेही असेच कुणाचे तरी निर्णय असतात हे तेव्हा उमगतं.

उपग्रह चित्रांसाठी लँडसॅट आणि सेंटिनेल-२ ह्या उपग्रह मालिका. लँडसॅट मालिका १९७२ पासून चालू आहे आणि तिचा साठा २००८ पासून सर्वांना मोफत आहे, म्हणून जुन्या काळाशी तुलना करायची तर तीच. आताच्या लँडसॅटच्या मुख्य पट्ट्यांत (बँड, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या भागांच्या नोंदी) चित्राची एक चौकट ३० मीटरची असते. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, आणि त्याच्या चार पट्ट्यांत चौकट १० मीटरची असते. चौकटीचा आकार लक्षात ठेवून प्रश्न विचारा. ३० मीटरच्या चौकटीत लहान घरं, अंगण, झाड आणि रस्ता सगळं मिसळून एकच आकडा तयार होतो. त्यातून गल्लीतली झाडं मोजायला निघालात तर हाती काही लागणार नाही.

उंचीसाठी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार मोहिमेचा एसआरटीएम डेटा अजूनही पुष्कळ वापरला जातो. तो घेताना दोन गोष्टी विसरू नका. एक, तो त्या वेळचा आहे, नंतर झालेली खाण किंवा भराव त्यात नाही. दोन, रडारला दाट झाडी आणि इमारतींचे माथे लागतात, त्यामुळे जंगलात मिळणारी उंची जमिनीची नसते. इथेही ओळखीची जागा कामाला येते. उंचीवरून ओढ्याचे प्रवाह काढून बघा आणि पावसात पाणी खरंच तिथून जातं का ते आठवा. रस्त्याच्या भरावाखाली मोरी असते, ती उंचीच्या चित्राला दिसत नाही, म्हणून संगणक पाणी भरावापाशी अडवतो आणि भलत्याच बाजूला वळवतो. तुम्हाला मोरी माहीत असते.

नकाशाचा थर बऱ्याचदा ‘शेपफाइल’ ह्या प्रकारात मिळतो, तिच्याबद्दल एवढं सांगते. ती एक फाइल नसून फाइलींचा संच असतो. डॉट एसएचपी, डॉट एसएचएक्स आणि डॉट डीबीएफ ह्या तिन्ही लागतातच, आणि डॉट पीआरजे नसेल तर निर्देशांक प्रणाली हरवते. मित्राला पाठवताना एकच उचलून पाठवली की समोरच्याकडे काहीच उघडत नाही. स्तंभाचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं, आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) युटीएफ-८ नसेल तर देवनागरीत लिहिलेली गावांची नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात. म्हणून स्वतःच्या कामासाठी जिओपॅकेज हा फाइलप्रकार वापरा. सगळे थर एका फाइलीत मावतात, नावं पूर्ण राहतात, मराठी शाबूत राहते.

प्रकल्पासाठी फोल्डर करताना मूळ डेटा वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि त्यात कधीही बदल करू नका. शेजारी एक साधी नोंदवही: कुठून आणला, कोणत्या तारखेला, डेटा स्वतः कोणत्या काळातला, कोणती प्रणाली, परवाना काय. ओपनस्ट्रीटमॅप वापरला तर श्रेय लिहिणं बंधनकारक आहे, हेही तिथंच टिपा.

रेषा ओढणं आणि पायानं फिरणं

डिजिटायझिंग, म्हणजे चित्रावरून रेषा आणि क्षेत्रं आखणं, मुलांना कंटाळवाणं वाटतं. मला ते फार मोलाचं वाटतं. स्नॅपिंग (रेषेचं टोक जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणं) चालू करा, टोपॉलॉजिकल एडिटिंग (सामाईक सीमा एकत्रच हलणं) चालू करा, मगच पहिली रेषा ओढा. शेजारच्या दोन तुकड्यांची सीमा एकच असायला हवी. ती दोनदा हातानं ओढली की मधे बारीक फटी आणि चिंचोळे आडवे तुकडे राहतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि क्षेत्रफळाच्या बेरजेत घोळ घालतात. शेवटी भूमितीची तपासणी चालवा.

मग जागेवर जा. मोबाइलमध्ये क्यूफील्ड हे क्यूजीआयएसचे नकाशे चालवणारं अ‍ॅप टाका, आखलेला नकाशा त्यात न्या आणि चालत फिरा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते. उंच इमारतींच्या मधे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतो, आणि चूक कितीतरी वाढते. बिंदू घेताना अर्धा मिनिट स्थिर उभे राहा, अचूकतेचा आकडा बघा, तो आकडाही नोंदीत साठवा. आणि तिथल्या लोकांशी बोला. शेताची कड, जुनी वहिवाट, पुराची खूण ह्या गोष्टी कुठल्याच उपग्रहाला दिसत नाहीत, पण बांधावर बसलेल्या आजोबांना पक्क्या ठाऊक असतात. कुणाच्या घराचे बिंदू घेताना मात्र आधी परवानगी घ्या, आणि प्रसिद्ध होणाऱ्या नकाशात घराची नेमकी जागा दाखवू नका.

विश्लेषण: प्रश्न आधी

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसं दगावली. जॉन स्नो ह्या डॉक्टरांनी मृत्यूंची ठिकाणं नकाशावर मांडली. ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगितली जाते, आणि बऱ्याचदा अशी की नकाशा काढला आणि पिण्याच्या पाण्याचा दोषी पंप सापडला. घडलं ते वेगळं, आणि आपल्या दृष्टीनं जास्त उपयोगाचं. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो हे मत स्नो ह्यांनी आधीच मांडलेलं होतं. ते घरोघर फिरून पाणी कुठलं पिता हे विचारत होते. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला गेला, आणि गाजलेला नकाशा त्यानंतरचा आहे.

मला त्यातले अपवाद सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. पंपाजवळच्या एका गरीबगृहात पाचशेहून अधिक लोक राहत होते, आणि तिथं मेले फक्त पाच. त्यांची विहीर वेगळी होती. जवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगारही वाचले, ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. उलट कितीतरी दूर हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई दगावली, आणि चौकशीत कळलं की तिला ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आवडायचं म्हणून ती ते मागवून घ्यायची. हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथले तरुण धर्मगुरू आधी स्नो ह्यांचं म्हणणं खोडायला निघाले होते. त्यांना वस्तीतली कुटुंबं ओळखीची होती. त्या ओळखीतूनच ते पंपाशेजारच्या घरातल्या आजारी बाळापर्यंत पोचले, आणि पाणी दूषित कसं झालं ह्याचा धागा मिळाला. तुमच्या नकाशात जे बिंदू तुमच्या म्हणण्यात बसत नाहीत, त्यांच्यापाशी जाऊन चौकशी करा.

आता तंत्राच्या गोष्टी. वाल्डो टोब्लर ह्यांनी १९७० मध्ये मांडलेलं तत्त्व असं, की सगळ्याच गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतात, पण जवळच्या गोष्टी दूरच्यांपेक्षा अधिक. नेहमीचं संख्याशास्त्र धरून चालतं की प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे. शेजारची गावं स्वतंत्र नसतात, त्यांचा पाऊस, माती, बाजार एकच असतो. म्हणून साधं समाश्रयण लावलं की निष्कर्ष असतो त्यापेक्षा पक्का वाटतो. हे तपासायला मोरान यांचा निर्देशांक (इंडेक्स, शेजारच्या नोंदी किती सारख्या ते सांगणारा आकडा) वापरतात, तो १९५० चा. मूल्य धन आलं तर सारखी मूल्यं शेजारी-शेजारी जमली आहेत असं समजायचं. शुद्ध योगायोगाची अपेक्षा बरोब्बर शून्य नसते, ती उणे एक भागिले नोंदींची संख्या वजा एक एवढी असते, आणि नोंदी थोड्या असतील तर हा फरक जाणवतो.

हा निर्देशांक काढताना ‘शेजारी’ कोण हे तुम्हाला ठरवावं लागतं. फक्त सीमा लागून असलेले, की कोपरा लागला तरी चालेल? की दहा किलोमीटरच्या आतले सगळे? व्याख्या बदलली की उत्तर बदलतं. म्हणून दोन-तीन व्याख्यांवर चालवून बघा आणि सगळी उत्तरं अहवालात लिहा. ह्यासाठी जिओडा हे विनामूल्य सॉफ्टवेअर शिकायला फार सोयीचं आहे. ते तयार करणारे ल्यूक अँसेलिन ह्यांनीच १९९५ मध्ये ह्या निर्देशांकाचं स्थानिक रूप मांडलं, त्यातून कुठल्या भागात गट जमलेत ते दिसतं.

दुसरा सापळा सीमांचा. तोच डेटा वॉर्डांप्रमाणे मांडला तर एक चित्र, तालुक्यांप्रमाणे मांडला तर दुसरं. ओपनशॉ आणि टेलर ह्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या वेगवेगळ्या तऱ्हांनी एकत्र जोडून दाखवलं, की वृद्धांचं प्रमाण आणि एका पक्षाची मतं ह्यांतला सहसंबंध जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत कुठेही नेता येतो. आकडे तेच, सीमा बदलल्या. त्यामुळे निष्कर्ष लिहिताना ‘ह्या विभागणीत असं दिसतं’ एवढंच म्हणा, आणि जमलं तर दुसरी विभागणीही करून बघा. सरासरी गरीब असलेल्या वॉर्डातलं प्रत्येक घर गरीब असतं असंही धरू नका.

क्षेत्रं रंगवताना एकूण संख्या रंगवू नका. मोठ्या क्षेत्रात माणसं जास्त म्हणून रुग्णही जास्त, एवढंच त्यातून कळतं. दर काढा: हजारी किती, चौरस किलोमीटरला किती. आकडे कोणत्या वर्गांत विभागता ह्यावर नकाशाची गोष्ट बदलते. समान अंतराचे वर्ग, समान संख्येचे वर्ग आणि नैसर्गिक खंडांचे (आकड्यांत जिथं फट पडते तिथं तोडलेले) वर्ग असे एकाच डेटाचे तीन नकाशे काढा आणि ओळखीच्या जागेशी ताडून बघा, कोणता प्रामाणिक आहे ते लगेच जाणवेल. रंगांसाठी सिंथिया ब्रूअर ह्यांचं कलरब्रूअर वापरा, क्यूजीआयएसमध्ये ते आहेच. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारे वाचक असतात, त्यांच्यासाठी त्यात वेगळ्या रंगमाला निवडता येतात.

उपग्रह चित्रावरून भूवापराचं वर्गीकरण करणार असाल तर अचूकतेचा आकडा कसा काढलाय ह्याकडे बारीक लक्ष द्या. शिकवणीचे नमुने (ज्यांवरून संगणक वर्ग ओळखायला शिकतो) आणि तपासणीचे नमुने एकाच शेतातून घेतले तर संगणक स्वतःचीच उजळणी करतो आणि आकडा फुगतो. तपासणीचे नमुने दूरच्या, वेगळ्या तुकड्यांतून घ्या. आणि वर्गीकृत थराच्या चौकटीचा आकार बदलताना ‘निअरेस्ट नेबर’ पद्धतच निवडा. दुसऱ्या बऱ्याच पद्धती सरासरी काढतात, आणि जंगलाला १, शेतीला २, पाण्याला ३ असे क्रमांक असतील तर जंगल आणि पाणी ह्यांची सरासरी २ म्हणजे ‘शेती’ असा थर जन्माला येतो.

प्रोग्रामिंग

दुसऱ्या सत्रापर्यंत थांबलात तरी चालेल, पण टाळू नका. क्यूजीआयएसमध्ये तुम्ही वापरलेल्या प्रत्येक प्रक्रियेची नोंद ‘हिस्टरी’त राहते, आणि तिथून तीच प्रक्रिया पायथनच्या आज्ञेच्या रूपात मिळते. ती कॉपी करा, एक आकडा बदला, पुन्हा चालवा. एवढ्यानं भीती जाते. पुढे पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेत जिओपांडाज आणि रास्टेरिओ, किंवा संख्याशास्त्राकडे ओढा असेल तर ‘आर’ ह्या भाषेत एसएफ आणि टेरा हे तयार आज्ञांचे संच शिका. डेटा फार मोठा झाला की पोस्टजीआयएस हा डेटाबेस. लिहिलेल्या आज्ञांचा खरा फायदा असा की, मार्गदर्शकांनी ‘बफर पाचशेऐवजी आठशेचा करा’ म्हटलं की अख्खं काम पुन्हा हातानं करावं लागत नाही.

प्रकल्प आणि तोंडी परीक्षा

विषय एका प्रश्नाच्या रूपात लिहा. ‘अमुक भागाचा जीआयएसच्या साहाय्याने अभ्यास’ हा प्रश्न नाही. ‘कोणत्या वस्त्यांतल्या मुलांना शाळेत पोचायला अर्ध्या तासाहून जास्त चालावं लागतं?’ हा प्रश्न आहे, कारण त्यातून डेटा कोणता लागेल, अंतर सरळ रेषेत मोजायचं की रस्त्यावरून, आणि उत्तर कसं तपासायचं हे सगळं ठरतं. इथे रस्त्यावरून मोजा. ओढा आडवा असला की सरळ रेषेतलं अर्धा किलोमीटर चालताना तीन किलोमीटर होऊ शकतं.

तोंडी परीक्षेत मी चार गोष्टी विचारते: डेटा कुठला आणि केव्हाचा, कोणत्या प्रक्षेपणात मोजलं आणि तेच का, चूक किती असू शकेल, आणि निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारं काय सापडलं. चौथ्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं की मी नकाशा पुन्हा उघडायला सांगते आणि आम्ही दोघं मिळून शोधतो. बहुतेक वेळा सापडतं.

नकाशा छापताना रेखीय प्रमाणपट्टी द्या, ‘एकास पंचवीस हजार’ असं नुसतं लिहून भागवू नका. अहवालाच्या पानात बसवताना चित्र लहान-मोठं होतं आणि लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं, पट्टी मात्र चित्राबरोबरच लहान-मोठी होते. कोपऱ्यात डेटाचा स्रोत, त्याचं वर्ष आणि प्रक्षेपणाचं नाव लिहा. आणि बांधणीला देण्याआधी एक प्रत त्या जागेवर राहणाऱ्या कुणाला तरी दाखवा.